काम संपल्यावरचा अर्धा तास

सईदाने दार वाजवायला हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. सकाळपासूनची ही तिसरी खेप. दार काही परक्याचं नव्हतं. कुवेतमधल्या महबूल्यातल्या त्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या होत्या, मधे एक चिंचोळा पॅसेज आणि दोन बिऱ्हाडांत मिळून एक स्वयंपाकघर. एका खोलीत सईदा आणि हारूनभाई, दुसऱ्या खोलीत असमा, तिचा नवरा साबीर आणि त्यांची दहा वर्षांची रिदा. अकरा वर्षांत हे दार कधी वाजवावं लागलं नव्हतं, नुसती हाक मारली की उघडायचं. गेले अडीच महिने मात्र हाक मारायला तोंडच राहिलं नव्हतं.

तिच्या हातात एक अर्ज होता, खालच्या दुकानातून छापून आणलेला. तो तिच्या मुलीने, इक्राने, रत्नागिरीहून पाठवला होता. इक्रा तिथे शाळेत शिकवायची. तिच्या घरामागच्या गल्लीतल्या गृहनिर्माण संस्थेत एक फ्लॅट विकायला निघाला होता आणि त्याची गॅलरी इक्राच्या स्वयंपाकघरातून दिसायची. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. हारूनभाईंची नोकरी संपली होती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जूनअखेरपर्यंतचा होता आणि गावचं घर केव्हाच दिरांच्या वाटणीत गेलं होतं. हा फ्लॅट मिळाला नाही तर पुढे काय, हा विचारच सईदाला करवत नव्हता.

संस्थेचे लोक कडक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच एका बिऱ्हाडात सिलिंडरने पेट घेतला होता, पार जिन्यापर्यंत भिंती काळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. नव्या सभासदाने तीन पत्रं आणायची. एक कंपनीचं, ते मागितल्या दिवशी मिळालं आणि त्यात लिहिलं होतं की हारूनभाईंनी सव्वीस वर्षं फायर वॉच म्हणून, आगीवर नजर ठेवायचं, काम केलं, एकही अपघात नाही. दुसरं संस्थेतल्याच सभासदाचं, ते इक्राच्या सासऱ्यांनी मिळवलं. तिसरं सध्याच्या शेजाऱ्याचं, निदान पाच वर्षांच्या ओळखीचं. अर्जदाराच्या सवयी, त्याचं वर्तन, आणि 'इमारतीच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कळवण्याजोगी काही बाब असल्यास ती' शेजाऱ्याने लिहायची, लिफाफा बंद करायचा आणि चिकटवलेल्या जागी सही करायची. ही ओळ सईदाने कितीतरी वेळा वाचली होती.

दुसरं कुणी असतं तर ती असमाच्या दाराशी आली नसती. पण या इमारतीत माणसं टिकतात कुठे? समोरची केरळची नर्स गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेली, वरचे इजिप्शियन मास्तर फिंतासला राहायला गेले. पाच वर्षं ओळखणारी अख्ख्या महबूल्यात एकटी असमाच उरली होती. आणि जे कुणाला कळू नये ते नेमकं तिलाच ठाऊक होतं.

रमजानमधली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, सईदा पडली होती. असमाच्या ओरडण्याने ती उठली तर पॅसेजभर गॅसचा वास. असमाने सिलिंडर बंद केला, खिडकी सताड उघडली, दार उघडून ती टॉवेलने हवा बाहेर ढकलत राहिली. हारूनभाई टीव्हीसमोर शांत बसले होते. शेगडीवर पातेल्यात पाणी होतं, चहाची पूड होती, हारूनभाई घालायचे तशा दोन वेलच्या होत्या. बटण पूर्ण फिरवलेलं होतं, फक्त पेटवायचं राहिलं होतं. रोजा असताना, भरदुपारी, हारूनभाई चहा करायला उठले होते. सईदाने ते पातेलं पाहिलं आणि काय झालं ते तिला कळलं.

"भाबी, यांना कुणाला तरी दाखवा," असमा धापा टाकत म्हणाली. "आज नशीब म्हणून वाचलो."

तेवढ्यात झोपेतून उठलेली रिदा दारात येऊन उभी राहिली. आणि सईदा बोलून गेली. म्हणाली, रोज्याच्या दिवसांत या घरात दुपारी शेगडीला हात लावणारं कोण आहे? रोजा नसलेली एकटी रिदाच. तिनेच काहीतरी करायला घेतलं असणार आणि अर्धवट टाकलं असणार.

बोलताना तिला माहीत होतं की हे खोटं आहे. पण भीतीने माणूस बुडायला लागला की जवळचा हात धरतो, आणि तो हात केवढा आहे हे बघत नाही. ज्या पोरीला पहिली आंघोळ तिने स्वतः घातली होती तिच्यावर तिने ते ढकललं. युक्तिवाद इतका चोख होता की संध्याकाळी ड्युटीवरून आलेल्या साबीरलाही पटला. त्याने रिदाला चांगलंच फैलावर घेतलं आणि ईद होईपर्यंत तिला स्वयंपाकघर बंद केलं. असमाने त्याला वेलच्यांचं सांगितलं नाही. तिने ते पातेलं उचललं, दोन वेलच्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि पातेलं घासून टाकलं. त्या दिवसापासून ती सईदाशी कामापुरतं बोलू लागली.

ईद झाल्यावर एक नवीनच गोष्ट सुरू झाली. हारूनभाई पहाटे फजरची नमाज झाली की स्वतःचा चहा स्वतः करत. तेवढं एक काम ते कुणाला करू देत नसत. आता ते कप घेऊन खोलीत आले की असमा प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन स्वयंपाकघरात यायची आणि शेगडीसमोर बसायची. काही करायची नाही. मोबाइल हातात, मधूनच शेगडीकडे नजर. मग उठून निघून जायची. दुपारच्या चहालाही तेच. सईदा दाराच्या फटीतून हे बघायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. तिची खात्री पटली होती की असमा पाळत ठेवून आहे, पुरावा गोळा करते आहे, एक दिवस फोटो काढून साबीरसमोर धरणार.

अखेर तिने दार वाजवलं.

असमाने दार उघडलं. आत रिदा जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. सईदाने पदराआडून खजुराच्या वड्यांचा डबा पुढे केला. रिदाने मान वर केली, डब्याकडे पाहिलं आणि 'नो, थँक यू' म्हणून पुन्हा वहीत डोकं घातलं. वड्या तिला फार आवडायच्या.

सईदाने अर्ज असमाच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हारूनभाईंच्या कंपनीतला इम्तियाज गुरुवारी रत्नागिरीला निघणार आहे, चार वाजता लिफाफे न्यायला येणार आहे, रविवारी संस्थेच्या कमिटीची बैठक आहे, चार ओळी लिहिल्या तरी चालतील. असमा कागद वाचत होती. तिसऱ्या कलमापाशी तिचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

"सुरक्षिततेचं पण लिहायचं हाय?" तिने विचारलं.

"असल्यास, असं म्हटलंय." सईदा म्हणाली.

"खरं लिहू?"

सईदाला म्हणायचं होतं की नको. हात जोडते, नको. पण रिदाची पेन्सिल चालायची थांबली होती. सईदाने तिच्याकडे पाहिलं.

"तुला बरोबर वाटेल ते लिही," ती म्हणाली.

जायला वळली तेव्हा मागून रिदाचा आवाज आला. वहीतून डोकं न काढताच ती म्हणाली, "आय डिडन्ट डू इट, यू नो."

असमाने तिला गप्प केलं नाही. सईदा आपल्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. वड्यांचा डबा मांडीवर तसाच होता.

इक्राचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं की तिसरं पत्रही होतंय, काळजी करू नको. अब्बा कसे आहेत, असं इक्राने विचारलं. मजेत, सईदा म्हणाली. समोर हारूनभाई शर्टाची बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं म्हणून त्यांनी सगळी सोडली, पुन्हा लावली, पुन्हा तेच चुकलं. मग त्यांनी शर्ट काढून घडी घालून ठेवला. सईदाने फोन ठेवला आणि त्यांना टीशर्ट दिला.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिने असमाचं पत्र मनात इतक्यांदा लिहिलं की तिला ते पाठ झालं. अर्जदार गॅस उघडा टाकतात. अर्जदारांची बायको खोटं बोलते. प्रत्येक वेळी कमिटीतलं कुणीतरी चष्मा काढून म्हणायचं की अशा माणसाला इमारतीत घ्यायचं म्हणजे जिन्यात पेटती काडी टाकण्यासारखं आहे. आणि त्यांचं काय चुकलं असतं? सईदा स्वतः त्या कमिटीत असती तर तिनेही नाहीच म्हटलं असतं. भीती होती ती याचीच.

गुरुवारी सकाळी हारूनभाईंनी चहा केला. सईदा दारात उभी होती. त्यांनी सिलिंडरचं बटण फिरवलं, शेगडीचं फिरवलं, लायटर घेतला, पेटवला, सगळं व्यवस्थित. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत सव्वीस वर्षं जिथे वेल्डिंग चालेल तिथे आग विझवायचा बाटला घेऊन ते उभे राहिले होते, कुठली ठिणगी कुठे उडते ते बघत. त्या दिवसांतलं ते काहीच विसरले नव्हते. असमा स्टूल घेऊन आली तशी त्यांची कळी खुलली. त्यांनी तिला तेच ऐकवलं जे या घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलं होतं.

"वेल्डर असतो तेव्हा आग नाय लागत, असमा. सगळे बघत असतात ना. वेल्डर गेला, माणसं जेवायला गेली, मग कुठल्यातरी फटीतली ठिणगी पेट घेते. म्हणून फायर वॉचने काम संपल्यावर अर्धा तास हलायचं नाय. मी कधी हललो नाय. लोक हसायचे मना."

"माहीत हाय, भाई," असमा म्हणाली. तिने स्टूल शेगडीसमोर ठेवलं आणि ती बसली.

दुपारी बारा वाजता तिने सईदाला दोन लिफाफे दिले. तिला फिंतासच्या नर्सरीत जायचं होतं. ती तिथे लहान मुलांना सांभाळायची आणि आज पालकांची सभा होती. अबाया अंगावर चढवतच ती म्हणाली की संध्याकाळी यायला उशीर होईल, रिदाचं जेवण काढून ठेवलंय. लिफाफ्यांबद्दल एवढंच म्हणाली की एक संस्थेचा आहे आणि दुसऱ्यावर कुणासाठी ते लिहिलं आहे. सईदाने काही विचारायच्या आत ती लिफ्टपाशी पोचली होती.

पहिल्या लिफाफ्यावर संस्थेचं नाव होतं. तो बंद होता आणि चिकटवलेल्या जागी असमाची बारीक अक्षरातली सही होती. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'शेजारच्या बाईंसाठी'. तो नुसताच मिटलेला होता.

शेजारच्या बाई म्हणजे रत्नागिरीतल्या. नव्या फ्लॅटच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या, ज्यांचं नावही इथे कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे कमिटीला कळवून भागलं नव्हतं. त्या बाईलाही वेगळं सावध करायचं होतं. हा कागद इम्तियाजच्या हाती द्यायचाच नाही, फाडून समुद्रात टाकायचा, असं तिने ठरवलं. फाडण्याआधी निदान काय लिहिलंय ते तरी कळावं म्हणून तिने पलंगावर बसून तो उघडला. असमा श्रीवर्धनला मराठी शाळेत शिकली होती, अक्षर गोल आणि सरळ होतं.

'बाई, तुमचं नाव मला ठाऊक नाही. हारूनभाई आणि सईदाभाबी तुमच्या शेजारी राहायला येतील. संस्थेला मी कळवलं आहे की अकरा वर्षांत यांच्या शेजारी मी एकदाही दाराला कडी लावून झोपले नाही. ते खरं आहे. बाकीचं तुम्हाला लिहिते कारण शेजारी तुम्ही राहणार.

भाई पहाटे नमाजनंतर आणि दुपारी चार वाजता चहा करतात. करू द्या. हातातून ते काम काढून घेतलं तर ते दिवसभर हात शोधत बसतात. चहा झाला की ते आपल्या खोलीत जातात. त्यानंतर अर्धा तास शेगडीजवळ कुणीतरी बसावं लागतं. हे त्यांनीच मला शिकवलं आहे. मी बसते. अडीच महिन्यांत चार वेळा बटण उघडं सापडलं. त्यांना सांगितलं नाही, भाबींनाही नाही. तुम्ही रोज बसा असं मी कशी म्हणू, पण वास आला तर ओरडू नका. भाई घाबरतात आणि मग दोन दिवस चहा करत नाहीत.

डॉक्टरला दाखवायचं मी सांगितलं होतं. तुम्हीही सांगा, तिथे मुलगी जवळ आहे.

भाबी मनाने चांगल्या आहेत. माझं बाळंतपण त्यांनी केलं. फक्त घाबरल्या की त्या दुसऱ्यावर ढकलतात. तसं झालं तर मनात धरून ठेवू नका. मी धरून ठेवलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.'

खाली सही होती आणि फोन नंबर, कुवेतचा कोड लावून.

सईदाने ते दोनदा वाचलं. बटण चार वेळा उघडं राहिलं होतं. तिला एकदाचंच माहीत होतं. उरलेल्या तिन्ही वेळा, किंवा चारही, ती दाराच्या फटीतून असमाकडे बघत उभी होती आणि मनातल्या मनात तिला वैरीण म्हणत होती. तिला लाज वाटली, इतकी की रिकाम्या खोलीतही तिने पदराने तोंड झाकून घेतलं. आणि लाजेच्या खाली भीती होती तशीच होती, उलट आता तिला आकार आला होता. पुढच्या महिन्यापासून ते स्टूल कुणाचं?

चारला दहा मिनिटं असताना इम्तियाज आला. तिने कंपनीचं पत्र, सभासदाच्या पत्राची प्रत आणि असमाचा बंद लिफाफा एका पिशवीत घालून त्याला दिला. अजून काही द्यायचं आहे का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली, एक आहे पण ते मी स्वतःच घेऊन जाईन.

तो गेला आणि स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज आला. हारूनभाईंनी चहा केला, गाळला, कप घेतला. जाताना त्यांनी सईदाकडे पाहून मान हलवली आणि खोलीत जाऊन टीव्ही लावला. सईदाने जाऊन शेगडी पाहिली. बटण बंद होतं. तरी तिने असमाचं स्टूल ओढलं, शेगडीसमोर ठेवलं आणि ती बसली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

बसल्या बसल्या तिने पत्र ओट्यावर पसरलं आणि असमाच्या सहीखाली पेनाने लिहिलं. तिचं अक्षर कधीच चांगलं नव्हतं, म्हणून तिने सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर तिने पेन बाजूला ठेवलं.

रिदा पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली. स्टुलावर आई नसून सईदा आहे हे पाहून तिने भुवया उंचावल्या. मग तिची नजर कागदाकडे गेली. आईचं अक्षर तिने ओळखलं.

"व्हॉट डज इट से?" तिने विचारलं. "आय कान्ट रीड मराठी."

सईदाला वाटलं होतं, लिहिलं म्हणजे झालं. ही पोर दहा वर्षं मराठी ऐकत वाढली, पण तिला अक्षर लागत नव्हतं. कागदावरचं तोंडानेच सांगावं लागणार होतं. टीव्हीचा आवाज येत होता, बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तिने पत्र उचललं आणि आपण लिहिलेल्या ओळीखाली बोट धरलं.

"यात लिहिलंय," ती म्हणाली, "असमाने लिहिलेलं सगळं खरं आहे. रमजानमध्ये गॅस रिदाने उघडा टाकला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोलले. खाली माझं नाव हाय."

रिदा त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने फ्रिज उघडला, बाटली काढली, पाणी प्यायली आणि बाटली परत जागेवर ठेवली.

"अब्बूंना पण सांगणार?"

"आज आले की सांगते."

रिदा गेली नाही. कोपऱ्यात उलटी ठेवलेली बादली तिने सरकवत आणली आणि स्टुलाशेजारी ठेवून तिच्यावर बसली. दोघी शेगडीकडे बघत राहिल्या. शेगडीवर काहीच नव्हतं.

"हाउ मच लाँगर?"

सईदाने घड्याळात पाहिलं.

"अजून एकोणीस मिनिटं," ती म्हणाली.